दिवाळी अंकाच्या मंडळाने लेखन-संपादनाचे आणि कामांच्या नोंदीचे ॲप कसे निवडावे: क्रमवार पद्धत

दिवाळी अंक, स्मरणिका किंवा संस्थेचे त्रैमासिक काढणाऱ्या लहान मंडळांत दरवर्षी तोच प्रश्न निघतो: गूगल डॉक्स घ्यावे की वर्ड, आणि कामांच्या नोंदीसाठी ट्रेलो बरे की टुडूइस्ट. चूक बहुधा क्रमात असते. ॲपचे नाव आधी ठरते, मग सगळ्यांना त्यात ओढले जाते, आणि गणपतीच्या सुमारास लक्षात येते की डीटीपी करणाऱ्याला, म्हणजे संगणकावर पाने लावणाऱ्याला, त्यातून निघालेला मजकूर वापरता येत नाही, किंवा निम्मे लेख अजून कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवरच पडून आहेत. पुढील पद्धत पाच ते पंधरा जणांच्या, बहुतांशी मानद काम करणाऱ्या मंडळासाठी लिहिली आहे. शाळेचे वार्षिक किंवा गृहनिर्माण संस्थेचे कामकाज यांनाही ती लागू पडते. त्यांनी डीटीपीचा भाग सोडून पुढे जावे. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्याचा निष्कर्ष पुढच्या टप्प्यातील काही पर्याय आपोआप बाद करतो.

निवडीचे काम लेख येऊ लागण्यापूर्वी, म्हणजे मे-जूनमध्येच उरकावे. ऑगस्टनंतर साधन बदलू नये. तोवर जे हाती आहे, ते अपुरे असले तरी, त्यावरच अंक पूर्ण करावा.

टप्पा १: शेवटच्या माणसापासून सुरुवात

पहिली चौकशी संपादकाकडे नको, डीटीपी करणाऱ्याकडे करावी. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: पाने कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीत लागणार, कोणता फॉन्ट वापरणार, आणि मजकूर त्याला कोणत्या स्वरूपात हवा. पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, समजत नाही. तेथे काम होणार असेल तर तुमचा युनिकोड मजकूर श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करूनच न्यावा लागेल. इनडिझाइनमध्ये युनिकोड देवनागरी नीट लागते, पण त्यासाठी परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर (अक्षरे जुळवून ओळी लावणारी सेटिंग) निवडलेला असावा लागतो. तो नसेल तर जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातात, आणि दोष मात्र पाठवलेल्या फाईलवर ढकलला जातो.

यानंतर एका कागदावर साखळी उलट्या क्रमाने लिहावी: छापखाना, प्रूफ, डीटीपी, मुद्रितशोधन, संपादन, लेखक. प्रत्येक कडीपुढे चार गोष्टींची नोंद करावी: माणूस कोण, तो कशावर काम करतो (संगणक, फोन की कागद), मजकूर त्याच्याकडे कोणत्या रूपात येतो आणि कोणत्या रूपात जातो. अनेक मंडळांत अनुभवी मुद्रितशोधक कागदावरच तपासतात, आणि त्यांच्याकडून तसेच काम घ्यावे. अशा वेळी ती कडी ॲपच्या बाहेर राहणार हे आधीच मान्य करून, कागदावरच्या दुरुस्त्या फाईलमध्ये कोण चढवणार त्याचे नाव लिहून ठेवावे. ॲप आले म्हणून हे काम नाहीसे होत नाही.

*तपासणी:* साखळीत एकही रकाना रिकामा असेल किंवा ‘बघू’ असे लिहिलेले असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा २: चाचणीचा गठ्ठा तयार करणे

ॲप पाहताना बहुतेक जण नवी फाईल उघडतात, दोन ओळी टंकतात, अक्षर ठळक करून पाहतात आणि समाधान पावतात. अशा चाचणीत कोणतेही ॲप पास होते. चाचणी आपल्याच गेल्या वर्षीच्या, त्यातही सर्वांत त्रासदायक मजकुरावर करावी. गठ्ठ्यात किमान पुढील गोष्टी असाव्यात.

१. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला एक लेख.
२. फोनवर टंकून व्हॉट्सॲपच्या संदेशातून आलेला एक लेख.
३. तळटीपा आणि एखादा तक्ता असलेला पाच-सहा हजार शब्दांचा दीर्घ लेख.
४. एक कविता, जिच्या काही ओळी आत सरकवलेल्या आहेत.
५. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ (प्रत्येक बदल खूण करून दाखवणारी सोय) चालू ठेवून तपासलेली एक फाईल.
६. एका पानावर लिहिलेले अवघड शब्द: दुसऱ्या, तऱ्हा, उद्ध्वस्त, द्वंद्व, कर्तृत्व, वाङ्मय, ॲप, ऑफिस, कॅमेरा, ज्ञानेश्वर, क्षितिज, बाळ.

जुना फॉन्ट ओळखणे सोपे आहे. सर्व मजकूर निवडून त्याला नोटो सान्स देवनागरी किंवा निर्मला यूआय हा फॉन्ट द्यावा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. त्याजागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कालवा दिसला तर तो जुन्या फॉन्टमधला आहे, आणि कोणत्याही आधुनिक ॲपमध्ये नेण्यापूर्वी त्याचे रूपांतर करणे भाग आहे. जुना मजकूर तसाच चढवला तर तो शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही आणि त्यावर शुद्धलेखन तपासणी चालत नाही. रूपांतरानंतर रफार, रकार, ऱ्हस्व वेलांटी, अवतरणचिन्हे, आणि मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द व अंक डोळ्यांनी तपासावेत. रूपांतरक सर्वाधिक चुका तेथेच करतात.

आणखी एक अडचण अशी आहे जी डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. ‘ॲ’चेही तसेच आहे, ते एकसंध अक्षर म्हणूनही येते आणि अ वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण ‘शोधा आणि बदला’ची आज्ञा एक रूप दिले असता दुसरे गाळण्याची शक्यता असते. शंभर ठिकाणी एकच दुरुस्ती करून झाल्यावर दहा ठिकाणी जुना शब्द तसाच छापला जातो तो बहुधा यामुळे. म्हणून गठ्ठ्यातील शब्द दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकाने फोनवर आणि दुसऱ्याने संगणकावर, टंकलेले असावेत.

*इशारा:* चाचणीसाठी मूळ फाईल वापरू नये, तिची प्रत करावी. मूळ फाईल चुकून नव्या स्वरूपात जतन झाली तर जुने रूप परत मिळेलच असे नाही.

टप्पा ३: बाद करण्याच्या अटी

वैशिष्ट्यांचा तक्ता करून प्रत्येकाला गुण देण्याची पद्धत टाळावी. वीस लहान सोयींचे गुण मिळून एका घातक उणिवेला झाकून टाकतात. त्याऐवजी तीन-चार अटी ठरवाव्यात. जे ॲप एकही अट मोडेल ते बाद, मग बाकी कितीही देखणे असो.

पहिली अट फोनची. मंडळातील कोणी केवळ फोनवरच काम करणार असेल, तर फोनवर दुरुस्ती सुचवता आली पाहिजे, नुसते वाचता येऊन भागत नाही. दुसरी अट इंटरनेटची: गावाकडचे सदस्य, भारनियमन किंवा प्रवास असेल तर नेट नसताना काम चालले पाहिजे. तिसरी अट पैशाची. येथे किमतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की वर्गणी दरवर्षी कोणाच्या कार्डावरून जाणार आणि तो माणूस मंडळ सोडून गेला तर पुढे काय. चौथी अट, आणि येथेच बहुतेकांचा गैरसमज असतो, एकाच वेळी लिहिण्याची. एका मजकुरावर दोघांनी एकाच क्षणी काम करणे वृत्तपत्राच्या कचेरीत लागते. दिवाळी अंकात संपादक, लेखक आणि मुद्रितशोधक एकामागून एक काम करतात. त्यांची खरी गरज इतकीच असते की शेवटची प्रत कोणती याविषयी शंका राहू नये. ही गरज साध्या साधनांनीही भागते.

या अटींनंतर साधारणपणे पुढील पर्याय उरतात.

गूगल डॉक्समध्ये सूचना, शेरे आणि पूर्वीच्या आवृत्त्या सहज मिळतात, फोनवरही काम होते. मोफत खात्याला १५ जीबी जागा असते आणि ती ईमेल, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींत मिळून मोजली जाते. छपाईच्या दर्जाची छायाचित्रे ती लवकर संपवतात. वर्ड आणि वनड्राइव्ह ही जोडी लांब, तळटीपांच्या मजकुराला आणि डीटीपीकडे फाईल देण्याला अधिक सोयीची आहे. ब्राउझरमधले वर्ड मोफत खात्यावर चालते, मात्र वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबीच असते. लिबरऑफिस पूर्णपणे मोफत आणि नेटशिवाय चालणारे आहे, त्याचा चेहरामोहराही मराठीत करता येतो. परंतु एकच फाईल दोघांनी एकाच वेळी उघडून लिहिण्याची सोय त्याच्या नेहमीच्या संगणकावरील आवृत्तीत नाही. चेन्नईच्या झोहोचे रायटर हाही पाहण्याजोगा पर्याय आहे. नोशनमध्ये लेखन आणि कामांची नोंद एकत्र होते म्हणून ते मोहात पाडते, पण त्यातून मजकूर वर्डच्या फाईलच्या रूपात बाहेर काढण्याची सोय नाही. ज्या मजकुराचे शेवटचे ठिकाण छापील पान आहे, त्यासाठी मी ते याच टप्प्यावर बाजूला ठेवीन.

*तपासणी:* दोनपेक्षा जास्त पर्याय उरले असतील तर अटी पुरेशा कडक नाहीत.

टप्पा ४: लेखन-संपादनाची प्रत्यक्ष चाचणी

चाचणीला तीन माणसे लागतात: एक संपादक, एक मुद्रितशोधक, आणि मंडळातील सर्वांत नाखूश सदस्य, ज्याला ‘पूर्वीचेच बरे होते’ असे वाटते. तंत्रज्ञानाची आवड असलेल्या तरुण सदस्याला या चाचणीत घेऊ नये. त्याला सगळेच जमते, त्यामुळे त्याच्या मतावरून काहीच कळत नाही.

१. गठ्ठ्यातील दीर्घ लेख ॲपमध्ये चढवावा आणि तळटीपांचे क्रमांक, तक्ता व अवतरणचिन्हे मूळ फाईलशी ताडून पाहावीत.

२. फॉन्ट तपासावा. गूगल डॉक्समध्ये त्याच्या स्वतःच्या यादीतलेच फॉन्ट वापरता येतात. संगणकावर बसवलेला तुमचा आवडता फॉन्ट तेथे दिसणार नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक भागात गेले आहेत, त्यामुळे एकाच्या संगणकावर असलेला फॉन्ट दुसऱ्याकडे असेलच असे नाही. फॉन्ट बदलला की ओळी आणि पानांची संख्या बदलते. ‘हा लेख सहा पानांचा आहे’ यासारखे बोलणे म्हणून थांबवावे आणि शब्दसंख्येत बोलावे.

३. वर्ड आणि लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: या दोन्हींत रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिपीचा फॉन्ट वेगवेगळा ठरवला जातो. फॉन्टच्या खिडकीत वरचाच रकाना बदलला आणि मराठी अक्षरांवर काहीच परिणाम झाला नाही, असे होते ते यामुळे. अक्षरांच्या आकारालाही हाच नियम आहे.

४. दुरुस्त्या सुचवून पाहाव्यात. गूगल डॉक्समध्ये मुद्रितशोधकाला ‘एडिटर’चा हक्क देऊन ‘कृपया सजेस्टिंगमध्ये काम करा’ अशी विनंती करणे ही नेहमीची चूक आहे, कारण तो केव्हाही नकळत थेट बदल करू शकतो. त्याला ‘कमेंटर’चा हक्क द्यावा, या हक्कात दुरुस्ती केवळ सूचना म्हणूनच नोंदवली जाते. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ सर्वांसाठी चालू आहे ना, हे फाईल पुढे पाठवण्यापूर्वी पाहावे.

५. पूर्वीच्या आवृत्तीकडे परत जाऊन पाहावे. मुद्दाम दोन परिच्छेद पुसावेत, फाईल बंद करावी, आणि नाखूश सदस्याला ते परत आणायला सांगावे. त्याला वाट सापडली नाही तर वाट दाखवणारी चार ओळींची टीप लिहून ठेवणे हे तुमचे काम आहे. गूगल डॉक्समध्ये ‘संपादन पूर्ण’, ‘मुद्रितशोधन पूर्ण’ अशी आवृत्तीला नावे देता येतात. ती सवय पहिल्या लेखापासून लावावी.

६. फोन विमान-मोडवर टाकून पाच मिनिटे काम करावे. गूगल डॉक्सची ऑफलाइन सोय त्या त्या यंत्रावर आधी चालू करून ठेवावी लागते, आणि संगणकावर त्यासाठी क्रोम किंवा एज ब्राउझर लागतो. नेट गेल्यानंतर ती चालू करता येत नाही.

७. शब्दांचे पान उघडून ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ शोधावेत. जितके शब्द डोळ्यांना दिसतात तितके शोधात सापडले पाहिजेत. सापडले नाहीत तर ॲप लगेच बाद करू नये. मंडळाने टंकनाची एकच पद्धत ठरवावी आणि आलेला प्रत्येक लेख आत घेतानाच दोन्ही रूपे शोधून एकसारखी करावीत.

*इशारा:* कवितेच्या आत सरकवलेल्या ओळी स्पेसबार दाबून केलेल्या असतील तर त्या डीटीपीपर्यंत टिकणार नाहीत. टॅब किंवा परिच्छेदाची समास-मांडणी वापरावी, आणि तरीही कवितेसोबत मूळ हस्तलिखिताचे छायाचित्र जोडावे.

टप्पा ५: बाहेर पडण्याची चाचणी

आत जाण्यापूर्वी बाहेरचे दार उघडते का ते पाहावे, आणि हा टप्पा कोणीही गाळू नये. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचे लोकप्रिय ॲप ६ मे २०२० रोजी बंद झाले. एव्हरनोटने २०२३च्या डिसेंबरात मोफत वापरकर्त्यांवर ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली. ज्यांच्या नोंदींची प्रत हाताशी होती त्यांनाच हे बदल सोपे गेले.

चाचणी केलेला लेख वर्डच्या फाईलच्या रूपात उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावा. तळटीपा, सूचना आणि शेरे टिकले का ते पाहावे. मग तीच फाईल डीटीपी करणाऱ्याकडे पाठवून त्याने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान लावून दाखवावे. हे एक पान पाहिल्याशिवाय कोणत्याही ॲपला होकार देऊ नये. पीडीएफ हा बाहेर पडण्याचा मार्ग समजू नये: पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला तर वेलांट्या आणि जोडाक्षरे बहुधा विस्कटतात.

गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांसाठी एक सापळा सांगायलाच हवा. संगणकावरील ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गूगल डॉक्सच्या ज्या फाईली दिसतात त्या केवळ दुवे असतात, त्यांच्यात मजकूर नसतो. तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ‘बॅकअप घेतला’ असे मानणाऱ्याच्या हाती काही किलोबाइटचे दुवेच लागतात. प्रत हवी असेल तर ब्राउझरमधून फोल्डर डाउनलोड करावा किंवा गूगल टेकआउट, म्हणजे खात्यातील फाईली एकत्र उतरवून घेण्याची गूगलची सोय, वापरावी. दोन्हींत फाईली वर्डच्या स्वरूपात मिळतात.

कामांच्या ॲपलाही हीच चाचणी लागू आहे. ट्रेलोच्या मोफत खात्यातून बोर्ड बाहेर काढता येतो, पण तो जेसन या स्वरूपात मिळतो, जे सामान्य वापरकर्त्याला थेट वाचता येत नाही. तक्त्याच्या रूपातील निर्यात सशुल्क योजनेत आहे.

*तपासणी:* उतरवलेली फाईल ॲपचे खाते नसलेल्या माणसाने उघडून वाचली का? ज्याने ती उतरवली त्यानेच तपासली असेल तर चाचणी झाली असे धरू नये.

टप्पा ६: कामांच्या नोंदीचे साधन

येथे ॲपची तुलना करण्याआधी आपली कामे कोणत्या जातीची आहेत ते पाहावे. अंकात दोन प्रकारची कामे असतात. लेख, कथा, कविता ही ठरावीक अवस्थांतून पुढे सरकणारी कामे: मागवले, आले, संपादन, लेखकाकडे परत, मुद्रितशोधन, डीटीपी, प्रूफ, अंतिम. यांना रकान्यांचा फलक शोभतो, म्हणजे ट्रेलोसारखे साधन, जेथे प्रत्येक लेखाचे एक कार्ड असते. दुसरीकडे जाहिरातदारांचे स्मरण, कागदाचा दर विचारणे, मानधनाची पत्रे ही एकदाच उरकायची सुटी कामे. त्यांना मुदतीसह यादी पुरते, म्हणजे टुडूइस्ट किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू. लेख यादीत आणि जाहिरातींचे फोन फलकावर घातले की दोन्ही साधने निरुपयोगी वाटू लागतात, आणि पुन्हा नव्या ॲपचा शोध सुरू होतो.

काही मर्यादा आधीच माहीत असाव्यात. गूगल टास्क्समधील वैयक्तिक यादी इतरांना वाटून देता येत नाही, म्हणून ते मंडळाचे साधन होऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये यादी वाटता येते. ट्रेलोच्या मोफत कार्यक्षेत्रात सहभागींची मर्यादा १० आहे आणि पाहुणेही त्यात धरले जातात. लेखकांना फलकावर बोलावण्याचा उत्साह म्हणून आवरावा. टुडूइस्टच्या मोफत खात्यात ५ प्रकल्प मिळतात. अशा मर्यादा बदलत राहतात, तेव्हा निर्णयाच्या दिवशी त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

माझ्या मते चाळीसपर्यंत लेख आणि सहा-सात माणसे असतील तर सामायिक तक्ता, म्हणजे गूगल शीट्स किंवा एक्सेल, हेच सर्वांत टिकाऊ साधन आहे. रकाने सहाच ठेवावेत: मजकुराचे नाव, अवस्था, आता कोणाकडे, मुदत, शब्दसंख्या, फाईलचा दुवा. अवस्थेच्या रकान्यात ठरावीक पर्यायांची ड्रॉप-डाउन यादी द्यावी, नाहीतर ‘झाले’, ‘पूर्ण’, ‘ओके’ आणि ‘जवळजवळ झाले’ अशा चार भाषांत तक्ता बोलू लागतो. गूगल शीट्सच्या सेटिंगमध्ये स्थान ‘भारत’ निवडावे. ते अमेरिका राहिले तर ५/९ ही तारीख ५ सप्टेंबरऐवजी ९ मे समजली जाते. अंक देवनागरीत टंकले तर बेरीज आणि तारखा नीट चालतात का ते पाहावे. अंक मजकूर म्हणून धरले गेले तर बेरीज चुकते, म्हणून तक्त्यापुरते इंग्रजी अंकच ठेवावेत.

*इशारा:* तक्त्यात केवळ एक रकाना निवडून क्रमवारी लावू नये. त्या रकान्यातील नोंदी हलतात, शेजारच्या जागेवरच राहतात, आणि एका लेखाची मुदत दुसऱ्याच्या नावावर जाते. क्रमवारी संपूर्ण तक्त्याला लावावी, आणि आपल्यापुरते पाहायचे असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरावा, ज्याने इतरांच्या पडद्यावरची मांडणी बदलत नाही.

काम लिहिण्याची रीतही ठरवावी. ‘कथा विभाग’ हे काम नव्हे. ‘तिसऱ्या कथेचे दुसरे मुद्रितशोधन, १२ सप्टेंबरपर्यंत’ आणि त्यापुढे एकाच व्यक्तीचे नाव, हे काम. दोन नावे लिहिली तर दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात.

व्हॉट्सॲप बंद होणार नाही, तसा प्रयत्नही करू नये. नियम एकच करावा: चर्चा गटावर होईल, पण ठरलेली मुदत आणि जबाबदारी त्याच दिवशी नोंदीत चढेल, आणि ती चढवण्याचे काम एका ठरलेल्या व्यक्तीचे असेल.

टप्पा ७: मालकी आणि हक्क

गूगल ड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात फाईल जो तयार करतो तो तिचा मालक. एका सदस्याच्या घरगुती खात्यावर सर्व अंक उभा केला आणि त्याने खाते बंद केले तर अंकाच्या फाईलीही जातात. म्हणून मंडळाच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे, त्याचा संकेतशब्द आणि पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि फोल्डर व फाईली त्याच खात्यातून तयार कराव्यात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. एखाद्या वर्षी अंक निघाला नाही तरी त्या खात्यात अधूनमधून प्रवेश करावा.

हक्क देताना कंजूसपणा बरा. लेखकाला केवळ त्याच्या लेखाचा ‘कमेंटर’ हक्क, मुद्रितशोधकाला विभागाचा, आणि ‘एडिटर’ दोघा-तिघांनाच. ‘ज्याच्याकडे दुवा आहे त्या कोणालाही’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण मानधनासाठी घेतलेले बँक तपशील, पॅन क्रमांक आणि पत्ते असलेल्या फाईलला तो कधीही लावू नये. ती फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये, नावानिशी हक्क देऊन ठेवावी.

*तपासणी:* ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कोणत्याही खात्यात प्रवेश न करता, प्रत्येक फोल्डरचा दुवा उघडून पाहावा. काही दिसले तर ते जगालाही दिसते आहे.

टप्पा ८: एका विभागापुरती सुरुवात

संपूर्ण अंक एकदम नव्या साधनावर नेऊ नये. कवितांचा किंवा पुस्तक-परिचयाचा असा लहान विभाग निवडून दोन आठवडे चालवावा. यश मोजण्याची सोपी खूण आहे: गटावर ‘शेवटची फाईल कोणती?’ हा प्रश्न पुन्हा आला का. तो येत असेल तर आणखी ॲप जोडू नये. बहुधा कोणीतरी फाईल डाउनलोड करून ईमेलने फिरवत असते, ते शोधून थांबवावे.

फाईलींच्या नावांची पद्धत याच काळात पक्की करावी. वर्ष, विभाग, लेखकाचे आडनाव आणि शीर्षकाचा पहिला शब्द पुरेसा आहे. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरे फायनल’ या नावांना बंदी असावी. अवस्था तक्त्यात असते, ती नावात लागत नाही.

मग एक तारीख जाहीर करावी. त्या तारखेनंतर जुन्या ठिकाणी नवा मजकूर स्वीकारला जाणार नाही. लेखकांवर मात्र ही सक्ती करू नये. ज्येष्ठ लेखक हस्तलिखिताचे छायाचित्रच पाठवणार. ते स्वीकारून योग्य जागी चढवणे हे मंडळाचे काम.

टप्पा ९: मजकूर गोठवणे आणि अंकानंतरची व्यवस्था

लेख डीटीपीकडे गेला की त्या क्षणापासून ॲपमधील प्रत जुनी झाली. पुढच्या दुरुस्त्या पानांवर होतात, त्या डॉक्समध्ये आपोआप येत नाहीत. म्हणून लेख सुपूर्द करतानाच आवृत्तीला ‘डीटीपीला दिली’ असे नाव द्यावे, सर्वांचे हक्क ‘व्ह्यूअर’वर आणावेत आणि तक्त्यात अवस्था बदलावी. हे न केल्यास कोणीतरी गोठवलेल्या लेखात मन लावून सुधारणा करतो आणि त्या कधीच छापल्या जात नाहीत. मजकुराचे जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर होणार असेल तर हा नियम दुप्पट कडकपणे पाळावा, कारण दुसरे रूपांतर म्हणजे नव्याने संपूर्ण मुद्रितशोधन.

अंक प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरात तीन गोष्टी उतरवून मंडळाच्या हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवाव्यात: सर्व लेख वर्डच्या स्वरूपात, छापलेल्या अंकाचे अंतिम पीडीएफ, आणि कामांचा तक्ता. डीटीपी करणाऱ्याकडून पानांच्या मूळ फाईली आणि वापरलेल्या फॉन्टची नावेही तेव्हाच मागून घ्यावीत. शेवटी बाहेरच्या सर्वांचे हक्क काढावेत, बँक तपशिलांची फाईल हिशेब पूर्ण होताच खजिनदाराकडे सोपवून सामायिक जागेतून पुसावी, आणि सशुल्क योजना घेतली असेल तर तिच्या नूतनीकरणाची तारीख पुढच्या वर्षीच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावी.